तिसरी रिकामी जागा

रेगेक्स या मजकूर ओळखणाऱ्या साच्यातले गट, म्हणजे रिकाम्या जागा, भरून पत्ते जुळवणारा कोड मी लिहीत होतो. तीन गट होते: गल्ली, घर आणि घरात कोण. एखादी व्हॅल्यू दिली नाही, तर कोडने अडून बसायचं, एवढी साधी शिस्त.

चाचणीसाठी माझीच गल्ली, माझंच घर दिलं. तिसरा गट मुद्दाम रिकामा सोडला.

कोड अडला नाही. तिथे उमटलं: ताई.

याला कोणी सांगितलं? चक्रावून मी ताईला फोन लावला.

“घरी एकटीच आहे रे, बाळ्या. का?”

बोलता बोलता कोड पुन्हा चालवला. आता उमटलं: ताई, बाळ्या.

मला बाळ्या फक्त तीच म्हणते. आणि मी तर ऑफिसात!

“थांब हं, बेल वाजली.” दाराची कडी निघाली.

मग फोनमधून माझाच आवाज आला, “ताई, फोन ठेव.”