हलका चाप

नव्या ट्रिगरवरचे दहा छर्रे संपले तशी जयाने रायफल टेबलावर ठेवली आणि दोरी ओढून नेमाचं कार्ड जवळ आणलं.

मागे बाकावर तिचा नवरा रामा आणि सासू आवडाबाई बसले होते. माजिवड्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघंही पहिल्यांदाच आले होते, आणि तेही नवा ट्रिगर घेण्यासारखा आहे का याची खातरजमा करायला. ट्रिगर जर्मनीचा होता. तिला नेमबाजी शिकवणाऱ्या सबनीस सरांनी एक आपल्या रायफलीला बसवला होता आणि दुसरा जयासाठी राखून ठेवला होता. किंमत फ्रिजएवढी.

आणि फ्रिज आवडाबाईंना हवा होता. कोपरीच्या बाजारात विकून उरलेली मासळी त्यांना संध्याकाळी पडेल भावात कुणाच्या तरी पिशवीत ओतून यावं लागायचं. स्वयंपाकघरातला एक कोपरा त्यांनी दिवाळीपासून रिकामा करून ठेवला होता.

रामाने दोन्ही कार्डं उजेडात धरली.

"जुन्यावर एक्याण्णव. नव्यावर सत्त्याऐंशी." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "म्हणजे एवढे पैसे घालून चार मार्क कमीच की!"

"हात बसायला वेळ लागतो," सर म्हणाले. "शेवटचे तीन बघा. तिन्ही दहा."

जयाने ते तीन आधीच पाहिले होते. एकाच भोकातून गेल्यासारखे. जुना चाप ओढताना अगदी शेवटी बोटाला जोर द्यावा लागे, आणि तेवढ्याने नेम सरकायचा. मागच्या वर्षी राज्याच्या संघातली तिची जागा अशीच हुकली होती. नवा चाप मनात आलं की सुटत होता. पण हे सासूसमोर कोणत्या तोंडाने बोलायचं?

"राहू दे, सर," ती म्हणाली. "जुन्यावरच मेहनत करते."

"थांब गं." आवडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "रामा, तू नुसता कागद बघतोस. मी हिचं तोंड बघत व्हते. जुनी बंदूक धरली का ही माझ्याशी बोलताना करते ना, तसं तोंड करते. दात आवळून."

रामा खो खो हसला. जयाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि नवी धरली की?" सरांनी विचारलं.

"नवी धरली नि तोंड खुललं. आम्ही बघायला गेलेलो तवा अशीच हसली व्हती, त्यानंतर आजच." त्यांनी पदर कमरेला खोचला. "मना पन एकदा दे बघू."

"आई, अहो..." जया म्हणाली, पण सरांनी तोवर छर्रा भरला होता. नळी समोर ठेवून त्यांनी दस्ता आवडाबाईंच्या खांद्याला नीट टेकवला. आवडाबाईंनी एक डोळा मिटला, मग चुकून दुसराही.

"आता बोट नुसतं टेकवा. मी सांगितलं की मग हळूच..."

फट्!

शेजारच्या रांगेतलं कार्ड फडफडलं.

"अगो बाय!" आवडाबाई मागे सरकल्या आणि आपल्याच बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. जयाही टेबलाला धरून हसू लागली. सर कार्डाकडे बघून म्हणाले, "नऊ आहेत. फक्त दुसऱ्याचे."

डोळे पुसत आवडाबाई रामाकडे वळल्या. "घेऊन टाक तिला."

"आणि फ्रिज?"

"सांगायच्या आदी ऐकतो यो चाप," लेकाकडे रोखून बघत त्या म्हणाल्या. "घरान एक तरी असा पायजे."