तळघरातली किंकाळी

“मावशी, पुन्हा एकदा घेऊ या,” काचेपलीकडून ध्वनिमुद्रक मुलगी म्हणाली.

शिंपीणबाईंनी घोटभर कोमट पाणी घेतलं, माइकसमोर उभं राहून डोळे मिटले आणि किंकाळी फोडली. फोडली कसली! जुनी चादर टरकावी तसा काहीतरी आवाज निघाला आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली.

सकाळपासूनची ही पाचवी खेप.

काम म्हटलं तर बोटभर. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका भुताच्या सिनेमाची रिळं दुरुस्त होत होती. आला तेव्हा आठवडाभरही न टिकलेला, समीक्षकांनी धू धू धुतलेला तो सिनेमा आता लोक डोक्यावर घेऊन नाचत होते. त्यातले संवाद म्हणे पोरांना तोंडपाठ असतात. तळघरातला राक्षस वळला की त्याच्या पोशाखाची पाठीवरची चेन दिसते, तिथे तर अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या पिटतं. ती चेन शिंपीणबाईंनीच लावलेली. गोणपाटाला फोम जोडून राक्षसाचं कातडं त्यांनीच शिवलं होतं. आणि ऐन वेळी नायिकेचा घसा बसला, तेव्हा शिलाईमशीनवरून उठून तिची किंकाळीही त्यांनीच दिली होती. नेमका त्याच रिळातला आवाज बुरशीने खाल्ला होता.

“आई, पुरे आता,” कोपऱ्यात बसलेली लेक म्हणाली. “ऑपरेशनला अजून वर्ष नाही झालं. घसा आहे तो, उसवलेली बाही नाही पुन्हा शिवायला.”

खोकला आवरण्यातच शिंपीणबाईंचा दम गेला होता.

ध्वनिमुद्रक मुलगी चाचरली. “तसं... मशीनमध्ये तयार किंकाळ्या असतात, मावशी. त्यातली एक बसवता येईल. कुणाला कळणारही नाही.”

“मला कळेल,” शिंपीणबाई म्हणाल्या.

सिनेमाच्या पाट्यांमध्ये त्यांचं नाव नव्हतं. राक्षसाचं कातडं केव्हाच उंदरांनी संपवलं होतं. चाळीस वर्षांत त्यांनी किती झगे, किती कोट शिवले याची गणतीच नाही, पण अनोळखी माणसांनी जिवापाड जपावं असं त्यांच्या हातून घडलेलं एवढंच, साडेचार सेकंदांचं.

“तो प्रसंग एकदा दाखव बरं मला. आवाज नको. नुसता दाखव.”

पडदा उजळला. तळघराच्या दारात नायिका उभी. समोरून राक्षस झुलत झुलत आला, वळला, आणि पाठीवरची चेन लखकन चमकली. शिंपीणबाईंना हसू फुटलं. किती घाईत लावली होती मेली, दोन टाके तर तिरकेच गेलेत! मग त्यांची नजर नायिकेच्या मागे गेली आणि हसू थांबलं. मागे खाटेवर एक लहान मुलगी झोपली होती. डोक्यावरून पांघरूण घेऊन, गाढ.

“माझ्याआधी कुणी ओरडून बघितलं होतं?”

“तिघींनी. चांगल्या घाबरल्या होत्या, पण जमलं नाही. का ते मलाही सांगता येत नाही.”

“अगं, घाबरल्या म्हणूनच नाही जमलं. आणि मी तरी सकाळपासून घाबरल्याचं सोंगच करतेय. ह्या राक्षसाला मी काय घाबरणार? ह्याचं पोट मी शिवलंय. ती खाट बघ. तिची धाकटी बहीण झोपलीये तिथे. ही बया घाबरून ओरडत नाहीये, बाळा. तिला उठवतेय. पळ म्हणतेय.”

त्यांनी चपला काढल्या. गार फरशीवर पाय रोवले. लेक अडवायला अर्धवट उठली, पण आईचे खांदे पाहून परत खाली बसली. ध्वनिमुद्रक मुलीने मघापासूनचा तो बारीक आवाज नीट ऐकू यावा म्हणून स्पीकरचा आवाज पूर्ण चढवून ठेवला होता. तो उतरवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

पडद्यावर नायिकेने तोंड उघडलं.

पोटाच्या तळापासून निघालेली ती किंकाळी घशाशी आली, तिथे क्षणभर अडली, फाटली, आणि फाटलेली तशीच वर चढली. वर, आणखी वर. तिच्यात गोडवा नव्हता, भीतीही नव्हती. जळत्या घराच्या दारावर कुणीतरी दोन्ही हातांनी धडका माराव्यात तशी ती होती. यंत्रावरचा काटा लाल रेघेपलीकडे जाऊन थरथरत राहिला. खाटेवरच्या मुलीने दचकून पांघरूण फेकलं आणि ती पळत सुटली. याआधीच्या प्रत्येक खेपेला ती अशीच उठली होती, पण ह्या वेळी तिला कुणीतरी उठवलं होतं. लेक खुर्चीवरून केव्हा उभी राहिली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग सगळं शांत झालं. ध्वनिमुद्रक मुलीने यंत्रावरचा हात हळूच उचलला. तिचे डोळे भरले होते आणि ती वेड्यासारखी हसत होती. “मावशी,” एवढंच ती म्हणाली.

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार ढकलून खालचा पहारेकरी आत घुसला. हातात काठी, टोपी कुठेतरी वाटेतच पडलेली, श्वास फुललेला.

“काय झालं? कुणाचा जीव जातोय?”

शिंपीणबाई घामाने निथळत होत्या. माइकचा दांडा धरून त्या ताठ उभ्या राहिल्या.

“जात नव्हता हो,” त्या म्हणाल्या. “आला.”