एकशेदहा किलोची परीक्षा

"इलेक्ट्रिक बाइक घ्यायला पैसा नाही, अक्कल लागते!" सान्तियागो शहरातल्या चढाच्या पायथ्याशी, बाइकच्या दुकानासमोर एलिदियानं गर्जून सांगितलं आणि सगळी अक्कल, म्हणजे एकशेदहा किलोचा नवरा, चाचणीसाठी काढलेल्या बाइकच्या मागच्या सीटवर बसवली. "अगं, मी काय पोतं आहे?" "पोतं गप्प बसतं." रोज पेरूच्या पाट्या वर बाजारात नेऊन तिचे गुडघे गेले होते आणि साठवलेल्या पेसोंत एकच बाइक येणार होती. पहिली, चकचकीत बाइक चढाच्या अर्ध्यावरच बंद पडली. "काकू, ही दोघांसाठी आहे, चौघांसाठी नाही!" दुकानदार कळवळला. मग तिनं कोपऱ्यातली चिकटपट्टीवाली, सर्वांत स्वस्त बाइक मागितली. ती कण्हत-कुंथत माथ्यावर पोचली! बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. नवऱ्यानं टोपी काढून त्या स्वीकारल्या. एलिदिया राणीसारखी खाली आली, पैसे देऊन हळूच म्हणाली, "भाऊ, जरा इथंच चार्जिंगला लावू का? आमच्या गल्लीत परवापासून वीज नाही."