पान ब्याऐंशी

आयटीतली नोकरी सांभाळून सलोनी ब्लॉगवर तरुणांसाठीच्या इंग्रजी कादंबऱ्यांना तारे वाटायची. दोनशे वर्षं वयाचा, रक्त पिणारा आणि तरीही कॉलेजात जाणारा हिरो तिला पटला होता. त्याला गेल्याच आठवड्यात पाच तारे मिळाले. या वेळच्या कादंबरीला मात्र दोनच. त्यात भविष्यातलं एक शहर होतं. तिथे माणसाचं काम जन्मावरून ठरायचं आणि भिंतीबाहेर जन्मलेल्यांनी विहिरीला हात लावायचा नाही, असा नियम होता.

"काहीही! कल्पनेलासुद्धा लिमिट असतं ना," खडकीला आम्रपाली या मैत्रिणीच्या घरी चहा घेताना ती म्हणाली. "माणसं माणसांशी असं वागतील? पटतच नाही."

आम्रपालीनं आजोबांकडे पाहिलं. बाबुराव शब्दकोडं सोडवत होते. दारूगोळ्याच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी ते पुस्तक वाचायला मागितलं.

पुढच्या रविवारी त्यांनी ते परत केलं, वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

"कसं वाटलं, आजोबा?"

"चांगलं लिहिलंय. एकच चूक सापडली. पान ब्याऐंशी."

सलोनी खूश झाली. ब्लॉगसाठी टिपून घ्यायला तिनं मोबाइल काढला. "सांगा ना!"

 

"तिथं त्या तहानलेल्या मुलीच्या हातात पेला देतात. पेला देत नाहीत, बाळ. आम्हाला वरून ओंजळीत ओतायचे."