उजेडाचं विरजण

वादळात विजेच्या तारा तुटल्या, त्याला आठवडा झाला होता. दिवेलागणीला शेजारची हर्षाली रिकामी वाटी घेऊन शालनकाकूंच्या दारात आली आणि तिथेच घुटमळली.

“काकू, तिन्हीसांजेला विरजण मागू नये, कळतं मला. पण आमची उजेडाची बरणी फुटली आणि वहिनीला कळा सुरू झाल्यात. नर्स आलीये, पण अंधारात ती तरी काय करणार?”

वीज असतानाही काकू बरणीतल्या चमकत्या जिवाणूंना रोज कोमट पेज पाजायच्या, तेव्हा अख्खी वाडी हसायची. तारा तुटल्यावर मात्र त्यांच्याकडूनच विरजण नेऊन घरोघरी उजेडाच्या बरण्या लागल्या होत्या. आता त्यांनी ते हिरवं, लखलखतं विरजण वाटीत काठोकाठ ओतलं.

“पेजेत घाल. घटकाभरात खोली उजळेल.”

“आणि तिन्हीसांज?”

“बाहेर झाली असेल,” काकू म्हणाल्या. “माझ्या घरात अजून दिवस आहे.”