रेफरीची कोरी वही

"चारशे बारा सामने, आणि दांडगाईबद्दल रेफरीच्या वहीत एकदाही नाव नाही!" माझ्या निवृत्तीच्या समारंभात क्लबचे सेक्रेटरी ढालीवरचा मजकूर वाचत होते. इंग्लंडातला आमचा सगळा लँकाशायर परगणा फुटबॉल खेळतो, पण असा सभ्य बचावपटू झाला नाही म्हणे. मी तिसऱ्या रांगेतल्या एर्नीकडे बघायचं टाळत होतो.

सत्तेचाळीस साली एर्नी समोरच्या संघात होता. त्याने मला तीनदा चकवलं, लोक मला हसले. चौथ्यांदा मी चेंडू सोडून सरळ त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. रेफरीची पाठ आमच्याकडे होती.

तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे. जखमी गड्याला संख्या भरायला मैदानातच कडेला नुसतं उभं करायचे. एर्नीला नेमकं माझ्याच बाजूला ठेवलं. उरलेला तासभर तो एका पायावर, आणि मी त्याच्या शेजारी. शेवटी न राहवून विचारलं, "फार दुखतंय का रे?"

"गप खेळ. रेफरीला सांगितलंय, माझाच पाय घसरला. तुझंही पोट यावरच आहे."

तो पुन्हा कधीच खेळला नाही.

आज खरं सांगून टाकायचं, असं घरून ठरवून आलो होतो. माइकसमोर उभा राहिलो आणि तोंडातून एवढंच निघालं, "आभारी आहे."

टाळ्या वाजवत सगळं सभागृह उठून उभं राहिलं. सगळ्यात शेवटी, काठीवर भार देत, एर्नी उठला.