डाव्या पंखाची पिसं

हिंमतरावांनी कोंबडी काखेत धरली आणि सलीलनं कात्री उघडली. तिघांत शांत अशी कोंबडीच होती.

"एकाच पंखाची कापायची, काका." सलीलनं इंटरनेटवरून छापून आणलेला कागद पुढे केला. "दोन्ही कापले तर तोल सारखा राहतो, मग ती तरीही उडते. एक कापला की कलते आणि खाली येते."

हिंमतरावांनी कागदावरचं चित्र पाहिलं. "ही परदेशी दिसते."

"हो, अमेरिकेतली आहे."

"तरीच हसतेय."

सलील शेजारच्या नव्या इमारतीत राहायचा. खराडीला कम्प्यूटरच्या कंपनीत होता, आणि सोसायटीचा सेक्रेटरीही होता, कारण एका मीटिंगला तो गैरहजर राहिला होता. माणूस सज्जन. तक्रार एवढीच, की हिंमतरावांच्या तीन कोंबड्या रोज तिन्हीसांजेला भिंत ओलांडून पार्किंगमध्ये येतात आणि त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर बसतात. सोसायटीनं ठराव केला होता: रविवारपर्यंत पंख कापा, नाहीतर कोंबड्या हलवा. विश्रांतवाडीवरून दिवसभर विमानं जायची, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं.

"बॉनेट गरम असतं म्हणून येत असतील," सलील म्हणाला. "पण गाडी नसली तरी तिथंच बसतात, नुसत्या फरशीवर. ते काही कळत नाही."

हिंमतरावांनी कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. बरोबर त्या जागी यमुनाबाईंचं खुराडं होतं. यमुनाबाई गेल्या आणि वर्षाच्या आत हिंमतरावांनी अर्धा प्लॉट बिल्डरला दिला. बायकोला विचारायला हवं होतं, पण विचारायची सोय राहिली नव्हती. तेव्हापासून भिंतीपलीकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आणि या तिघी तर खुराडं मोडल्यानंतर अंड्यातून निघालेल्या. त्यांना पत्ता कुणी दिला, हे हिंमतरावांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी अंडं बंद केलं होतं, तरी कोंबड्या होत्या. यमुनाबाईंचं म्हणावं असं घरात तेवढंच काय ते हलतंबोलतं उरलं होतं. त्यांनी कधी कुठल्या कोंबडीला कात्री लावू दिली नाही. "संध्याकाळी घरी येतेय ना? मग दिवसभर उडेना का," म्हणायच्या. नवऱ्याच्या बाबतीतही त्यांचं धोरण हेच होतं.

"कापा," हिंमतराव म्हणाले. हलवण्यापेक्षा ते बरं.

त्या संध्याकाळी तिघींनी भिंतीवर झेप घेतली, कलल्या, आणि खाली आल्या. मग भिंतीकडे तोंड करून ओळीनं बसून राहिल्या.

बुधवारी तिन्हीसांजेला सलील परत आला. ऑफिसचा बिल्ला गळ्यात तसाच.

"काका, तुम्ही संध्याकाळचे आमच्या पार्किंगमध्ये येता का?"

"नाही."

"मग घरी कुणी पाहुण्या आल्यात?"

"सलीलराव, माझ्याकडे पाहुणे यायचे ते हिच्या हातचं खायला. आता कशाला येतील?"

सलील जरा जवळ आला. "तीन दिवस झाले, याच सुमाराला तनयाला खालून बाईचा आवाज येतो. मी म्हटलं, भास असेल. बायकोला असं म्हणू नये, पण म्हटलं. आज मीही ऐकला. गाडीपाशी कुणी नव्हतं."

"काय म्हणते?"

"काही म्हणत नाही हो. या या या, असं. कोंबड्यांना बोलावतात ना, तसं. आधी हळू. मग..." त्यानं बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळली. "मग घाबरल्यासारखं. बाजारात मूल हात सोडून गेलं की आई हाका मारते, तसं."

डोक्यावरून एक विमान गेलं.

"पिसं परत यायला किती दिवस लागतात?" सलीलनं विचारलं.

"कापलेलं पीस वाढत नाही. ते झडलं की नवं येतं. पाच-सहा महिने धरा."

"हे कागदावर नव्हतं." सलील म्हणाला. "असेल, दुसऱ्या पानावर. मी पहिलंच छापलं."

त्यानं भिंतीपाशी जाऊन एक कोंबडी उचलली, लॅपटॉपची बॅग धरावी तशी काखेत धरली. मग दुसऱ्या काखेत दुसरी. फाटकापर्यंत गेला आणि थबकला.

"आणि ठराव?" हिंमतरावांनी विचारलं.

"उडून यायचं नाही, एवढंच आहे ठरावात. तिसरी तुम्ही आणा, काका. मला एकट्याला..."

हिंमतराव आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा अंगात धुतलेला शर्ट होता आणि केस ओल्या कंगव्यानं बसवलेले. तिसरी कोंबडी त्यांनी दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली.

फाटकात ते म्हणाले, "तिनं काही विचारलं तर प्लॉटचं मी सांगेन. तुम्ही मध्ये बोलू नका."